ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ऑइल पंप बदलायचाय? साताऱ्यातल्या गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

सातारा, कराड, वाई, कोरेगाव या पट्ट्यात ऑटोमॅटिक गाड्या वाढल्या आणि त्यातल्या बऱ्याच आता वॉरंटीबाहेर आल्या आहेत. "पंप गेलाय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" एवढं एक वाक्य ऐकून हबकलेली माणसं फोन करतात, तेव्हा विचारतात ते प्रश्न खाली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पंप सहसा आपणहून मरत नाही. तो कशामुळे गेला ते सापडल्याशिवाय नवा बसवला, तर तोही त्याच वाटेनं जातो.

हा पंप नेमका कुठं असतो आणि करतो काय?

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं एकमेकांना जोडले जातात त्या बेल हाउसिंगमध्ये भला मोठा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग असतो. त्याच्या मागे, गिअरबॉक्सच्या अगदी तोंडावर पंप बोल्टनं बसवलेला असतो. कन्व्हर्टरच्या मानेला दोन खाचा असतात, त्या पंपाच्या आतल्या गिअरमध्ये अडकतात. इंजिन फिरलं की कन्व्हर्टर फिरतो आणि त्याच्याबरोबर पंप. गाडी पीमध्ये उभी असली तरी पंपाला सुट्टी नाही.

तो चेंबरमधलं, म्हणजे बॉक्सच्या तळाच्या टाकीतलं ऑइल फिल्टरमधून ओढतो आणि दाबानं वाल्व बॉडीकडे, म्हणजे ऑइल कुठं जायचं ते ठरवणाऱ्या वाल्वच्या ठोकळ्याकडे पाठवतो. तिथून ते ऑइल क्लच पॅक (गिअर पकडणाऱ्या प्लेटांचे गठ्ठे) दाबतं, कन्व्हर्टर भरतं, कूलरमधून फिरून येतं आणि बेअरिंगांना वंगण देतं. मॅन्युअल गाडीत क्लचचं काम तुमचा पाय करतो, इथं ते ऑइलच्या प्रेशरवर चालतं. म्हणून पंप अशक्त झाला की एक गिअर नव्हे, सगळाच बॉक्स अशक्त होतो. अशा अवस्थेत गाडी रेटत राहिलं तर क्लच प्लेटा घसरून जळतात आणि पंपाचं बिल पूर्ण ओव्हरहॉलचं होऊन बसतं.

आतून पंप तीन तऱ्हांचे असतात: मध्ये चंद्रकोर असलेला गिअरचा, जेरोटर आणि व्हेनचा. मालकाला यातला फरक माहीत असण्याची गरज नाही. पार्ट मागवणाऱ्याला मात्र गिअरबॉक्सवरच्या प्लेटचा नंबर लागतो. गाडीचं मॉडेल आणि साल एवढ्यावर पंप मागवू नका, कारण एकाच मॉडेलमध्ये मधूनच गिअरबॉक्स बदललेला असू शकतो.

माझ्या गाडीत असा पंप आहे का?

सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात, आणि इथंच निम्मा गोंधळ होतो. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ एन, एक्सयूव्ही ७००, डिझेल क्रेटा, २०२२ नंतरच्या ब्रेझा आणि एर्टिगाची सहा गिअरची ऑटोमॅटिक, या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्या. हे पान मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

एएमटी, म्हणजे मारुतीनं २०१४ मध्ये सेलेरिओत आणली तसली, हा आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला त्यावर एक हायड्रॉलिक युनिट बसवलेलं असतं आणि त्याला छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर समोरून जो बारीक घूंऽ आवाज येतो, तो त्याचाच. एएमटीचा पंप गेला म्हणून कोणी अख्खा गिअरबॉक्स उतरवायला निघालं, तर आधी हात जोडून थांबवा.

सीव्हीटीतही, म्हणजे गिअरांऐवजी पुली आणि बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्येही, इंजिनावर चालणारा पंप असतो. काहींमध्ये तो बाजूला असतो आणि साखळीवर फिरतो. तिथं प्रेशर बरंच जास्त लागतं, कारण पुलीनं बेल्ट घट्ट आवळून धरायचा असतो. प्रेशर पडलं की बेल्ट घसरतो आणि पुलीवर ओरखडे पडतात, मग प्रकरण पंपापुरतं राहत नाही. ड्राय क्लचच्या सात गिअरच्या डीएसजीत (फोक्सवॅगन-स्कोडाची दोन क्लचची ऑटोमॅटिक) क्लच आणि गिअरचा पंप इलेक्ट्रिक असतो आणि तो मेकाट्रॉनिक युनिटचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचा भाग आहे, त्याचं निदान वेगळ्या पद्धतीनं होतं.

पंप कमजोर झाल्याची लक्षणं कोणती?

डी किंवा आर टाकल्यावर गाडी लगेच पकडत नाही, दोन-तीन सेकंद विचार करते आणि मग झटका देऊन उचलते. सकाळी थंड असताना ठीक, पण तासभर चालल्यावर घसरायला लागते: आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही. पुढची पायरी म्हणजे गरम झाल्यावर सिग्नलला थांबलं की डीमध्ये असूनही गाडी पुढं सरकत नाही, थोडा ॲक्सिलरेटर दिला की पकडते. पंपाचा गिअर तुटला किंवा कन्व्हर्टरच्या मानेची खाच खाल्ली गेली तर मात्र पूर्वसूचना मिळत नाही. पुढं नाही, मागं नाही, लिव्हर कुठंही टाका, गाडी जागची हलत नाही.

बेल हाउसिंगच्या खालून लाल ऑइल ठिबकत असेल तर ते बहुधा पंपाच्या पुढच्या सीलचं. निव्वळ सील गेलंय म्हणून पूर्ण पंप बदलायची गरज नसते. पण सील पुन्हा पुन्हा जात असेल तर आतला बुश (कन्व्हर्टरच्या मानेला आधार देणारी धातूची बांगडी) झिजलाय आणि कन्व्हर्टरची मान हलतेय असं समजावं. अशा वेळी नुसतं सील बदलत राहणं म्हणजे दर वेळी गिअरबॉक्स उतरवायची मजुरी भरणं.

"मेस्त्री, गाडी पीमध्ये उभी असतानाही कुईं आवाज येतो. पंपच ना?"

असू शकतो. आवाज आरपीएमबरोबर चढत-उतरत असेल आणि पी, एन, डी सगळीकडे येत असेल तर संशय पंपावर जातो. गाडी चालल्यावरच येत असेल आणि चाकाच्या वेगाबरोबर बदलत असेल, तर बेअरिंग किंवा डिफरन्शिअलकडे बघावं लागतं.

पण पंपाला दोषी ठरवण्याआधी पुढच्या बेल्टवरची मंडळी तपासा. अल्टरनेटरचं बेअरिंग, टेन्शनर आणि जुन्या गाडीतला पॉवर स्टिअरिंगचा पंप हे तिघंही अगदी असाच सूर लावतात. बेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालवलं की त्यांचा निकाल लागतो.

त्यानंतर ऑइलची लेव्हल आणि फिल्टर. विहिरीवरच्या मोटरीनं हवा धरली की तिचा आवाज कसा बदलतो आणि पाणी कसं तुटक येतं, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फिल्टर चोंदला किंवा ऑइल कमी झालं की हा पंपही तसाच बोंबलतो. या टप्प्यावर पकडलं तर ऑइल आणि फिल्टरमध्ये काम भागतं. महिनोन् महिने तसंच चालवलं तर ऑइलमधले बुडबुडे फुटून फुटून गिअरच्या पृष्ठभागाला बारीक खड्डे पडतात आणि मग पंप खरंच जातो.

पंपच गेलाय हे खात्रीनं कसं कळतं?

प्रेशर गेज लावून. दुसरा मार्ग नाही. बहुतेक टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सवर लाइन प्रेशर, म्हणजे पंपाचं मुख्य प्रेशर मोजायला एक प्लग दिलेला असतो. तो काढून गेज लावायचा, ऑइल चालवून गरम करायचं आणि आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, डी व आर दोन्हीत रीडिंग घ्यायचं. मग चारही चाकांना उटी लावून, ब्रेक घट्ट दाबून स्टॉल टेस्टचं, म्हणजे गाडी उभी ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरचं रीडिंग. ती टेस्ट पाच सेकंदांच्या वर कधीही करायची नाही, आतलं ऑइल भराभर तापतं.

जुन्या टोयोटाच्या चार गिअरच्या बॉक्सांत डीमध्ये आयडलला साधारण ४ बार आणि आरमध्ये ५ ते ६ बार दिसतात, स्टॉलला ते दुप्पट-अडीचपट होतात. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, ते तिच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्यायचे.

आकड्यापेक्षा त्याची चाल जास्त बोलकी असते. सगळ्या गिअरांत प्रेशर कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा प्रेशर रेग्युलेटर वाल्व (प्रेशर ठरल्याइतकं राखणारा) यांपैकी एक. एकाच गिअरमध्ये पडत असेल तर पंप चांगला आहे, त्या गिअरच्या क्लचचं सील गळतंय. थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर कोसळत असेल तर झीज, मग ती पंपाची असो वा आतल्या सीलांची. रेग्युलेटर वाल्व अडकलेला असला तर तो वाल्व बॉडीतून किंवा पंपाच्या कव्हरमधून काढून साफ होतो. अशा गाडीला नवा पंप घातल्याची बिलं मी पाहिली आहेत.

स्कॅनर लावणं आवश्यकच आहे, पण तो बहुधा "गिअर रेशो चुकीचा" एवढंच सांगतो. गिअर घसरतोय याचा तो अर्थ. का घसरतोय ते गेज सांगतो. गेजचं रीडिंग न घेता गिअरबॉक्स उतरवायला होकार देऊ नका.

घाटाचा आणि पंपाचा काय संबंध?

थेट संबंध उष्णतेचा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद ऑइलमार्फत जाते. गाडी हळू आणि लोड जास्त असला की कन्व्हर्टर घसरत काम करतो आणि ती सगळी उष्णता ऑइलमध्ये उतरते. ऊस हंगामात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागं चढावर रांगत जाणं, खंबाटकी चढताना लागलेली रांग, पाचगणीला जाताना पसरणीचा घाट आणि सहा माणसं सामानासकट, हे सगळं त्याच खात्यात जमा होतं. कासच्या फुलांच्या दिवसांत यवतेश्वर घाटात तर एक खास सवय दिसते: रांगेत उभं राहताना ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी चढावर तोलून धरायची. गाडी उभी, कन्व्हर्टर मात्र पूर्ण जोरात ऑइल घुसळतोय. ब्रेक लावा, रांग मोठी असेल तर हँडब्रेक ओढून एनमध्ये टाका.

ऑइल तापलं की पातळ होतं. पंपाचे गिअर आणि बॉडी यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. झिजून ती वाढली असेल तर पातळ ऑइल त्या फटीतून मागं निसटतं आणि प्रेशर बनत नाही. म्हणून कमजोर पंपाची गाडी राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत छान चालते आणि महाबळेश्वरला पोचता पोचता दात दाखवते.

उतरताना डीऐवजी खालच्या गिअरमध्ये उतरावं. काही जण डिझेल वाचवायला एनमध्ये टाकून उतरतात, त्यात इंजिन ब्रेक जातो आणि पंप आयडलच्या वेगानं जेमतेम ऑइल देत असताना आतले भाग चाकांबरोबर जोरात फिरत राहतात. इंजिन बंद करून उतरणं हा तर गिअरबॉक्सच्या, ब्रेकच्या आणि तुमच्या जिवाचा प्रश्न आहे.

पंप खराब होतो तरी कशामुळे?

लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत ऑइल कधीच बदललेलं नसणं हे पहिलं कारण. "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं" हे वाक्य मालकाला शोरूममध्येच ऐकवलेलं असतं. आमच्या घाटांसाठी ते मी मानत नाही. ६० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलावं, कायम पाचगणी-महाबळेश्वरच्या फेऱ्या असतील तर आणखी आधी.

दुसरं कारण आधी झालेलं काम. हे जास्त चीड आणणारं. इंजिनाच्या कामासाठी किंवा क्रँकच्या मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवला, चढवताना कन्व्हर्टर पूर्ण आत बसलेला नव्हता आणि फिटरनं बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून त्याला ओढून घेतलं. कन्व्हर्टरची मान पंपाच्या गिअरवर दाबली जाते, गिअर चिरतो किंवा बॉडी तडकते. कधी स्टार्टर मारताच पंप फुटतो, कधी आठवडा काढतो. नवा पंप फुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

बेल हाउसिंगच्या डॉवेल पिना बसवायला विसरणं हा त्याचाच भाऊ. दोन छोट्या नळकांडी पिना असतात, जुना बॉक्स काढताना इंजिनाला चिकटून राहतात किंवा पडून हरवतात. त्या नसल्या तरी बोल्ट लागतात, गाडी चालते. पण इंजिन आणि गिअरबॉक्सचा मध्य किंचित हलतो, कन्व्हर्टरची मान वाकडी फिरते, आधी बुश खाते, मग सील, मग पंप. तडकलेली फ्लेक्स प्लेटही (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी पातळ तबकडी) हेच करते. म्हणून पंपाचा बुश एकाच बाजूला झिजलेला दिसला तर नजर पंपावरून इंजिनाकडे वळवायची.

तिसरं, दुसऱ्या भागाचा कचरा. कन्व्हर्टरच्या आतलं बेअरिंग फुटलं किंवा क्लच जळाले की लोखंडाची कणी ऑइलमधून फिरते. फिल्टर बरीचशी अडवतो, बारीक कणी पंपातून जाते आणि गिअरच्या तोंडावर गोल गोल ओरखडे काढते.

पुरात अडकलेली गाडी स्वस्तात मिळतेय. तिचा पंप चालेल का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आणि कराड भागात चढलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून अजून हात बदलत फिरत असतात. गिअरबॉक्सला हवा जायला-यायला वर एक ब्रीदर असतो, पाणी त्याच्यावर गेलं की आत उतरतं. ऑइल दुधी गुलाबी दिसलं तर समजून जा. रेडिएटरमधला गिअर ऑइलचा कूलर फुटून कूलंट मिसळलं तरी रंग असाच होतो.

पाण्यानं क्लच प्लेटांवरच्या अस्तराचा चिकटा सुटतो आणि पंपाचे गिअर, वाल्व यांना गंज धरतो. ऑइल दोन-तीनदा बदलून रंग पुन्हा लाल करता येतो, विकणारा तेच करतो. अशी गाडी घ्यायचीच असेल तर गिअरबॉक्स पूर्ण खोलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा. नुसता पंप बदलून तिथं काही हाती लागत नाही.

पंप दुरुस्त होतो की नवाच घालावा?

पंप टेबलावर उघडल्यावर ठरतं. आधी गिअरांवर खूण करून घ्यायची, म्हणजे परत त्याच तोंडानं बसतील. मग सगळं धुऊन बॉडीच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवायची आणि पट्टी व गिअर यांच्यामध्ये फिलर गेज घालायचा. गिअरच्या पंपांत ही बाजूची फट साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर असते आणि ०.१ च्या वर गेली की पंप गेला असं धरतात. बाहेरचा गिअर आणि बॉडी यांच्यातली फट ०.३ च्या वर असेल तरी तेच.

फिलर गेज काढायच्या आधी नख फिरवून पाहावं. गिअर फिरतो त्या तोंडावर आणि चंद्रकोरीच्या आतल्या बाजूला रेघा दिसतात. नख नुसतं सरकत गेलं तर त्या चालण्याच्या खुणा. नख अडकलं की त्या रेघेतून प्रेशर पळतंय. काही जण एमरी पेपरवर घासून तोंड चकचकीत करून देतात. दिसायला सुंदर, पण बॉडीचं तोंड घासलं तर गिअर वर येऊन अडकतो आणि गिअर घासला तर फट वाढते, दोन्हीत नुकसानच.

बॉडी आणि गिअर चांगले असतील तर सील, ओ-रिंग, बुश आणि सीलिंग रिंगा बदलून तोच पंप वापरावा, मी स्वतः तेच सुचवतो. बुश दाबून बसवायचं काम चांगल्या लेथवाल्याकडे प्रेसवर करून घ्यावं, हातोडीनं नाही. बॉडीला रेघा असतील तर पूर्ण पंप नवा. नुसते नवे गिअर जुन्या बॉडीत घालणं बहुधा फुकट जातं. भंगारातला पंप तेव्हाच घ्या जेव्हा तो तुमच्यासमोर उघडून मोजता येईल.

काम कसं चालतं, गाडी किती दिवस अडकते?

पार्ट हातात असेल तर दोन दिवस धरा, पार्ट मुंबई-पुण्याहून यायचा असेल तर ते दिवस वेगळे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट आणि खालची सबफ्रेम सोडवावी लागते. इनोव्हा-स्कॉर्पिओसारख्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट काढून बॉक्स मागं-खाली उतरतो. निम्मा वेळ या उतरवण्या-चढवण्यात जातो, पंपाचं प्रत्यक्ष काम काही तासांचं.

पंप बाहेर येताना घट्ट असतो, त्याला ओढायला पुलर किंवा स्लाइड हॅमर लागतो. पान्यानं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं कडेला टोचून उचकटलं तर केसिंगचं तोंड खराब होतं आणि कायमचं लीकेज मागं लागतं. बसवताना गिअरांना त्याच गाडीचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल लावायचं, रिंगा जागेवर धरून ठेवायला व्हॅसलीन. ग्रीस कधीच नाही. ग्रीस या ऑइलमध्ये विरघळत नाही, फिल्टरमध्ये आणि वाल्वच्या बारीक भोकांत जाऊन बसतं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत टॉर्क रेंचनं आवळायचे आणि लगेच इनपुट शाफ्ट हातानं फिरवून पाहायची. ती फिरत नसेल तर आत काहीतरी अडकलंय.

कन्व्हर्टर नीट बसलाय हे मी उभा राहून कसं ओळखू?

ही पाहण्यासारखी गोष्ट आहे, शक्य असेल तर त्या वेळी गॅरेजमध्ये थांबा. कन्व्हर्टर बसवण्याआधी त्यात लिटरभर नवं ऑइल ओततात, म्हणजे पहिल्या स्टार्टला पंप कोरडा फिरत नाही. मग तो सरळ धरून, हलकं आत दाबत सावकाश फिरवायचा. इनपुट शाफ्टच्या दातांत बसला की एकदा "खट्" करून आत जातो. स्टेटरच्या (कन्व्हर्टरच्या आतलं मधलं चक्र) शाफ्टवर बसला की आणखी आत. शेवटी मानेच्या खाचा पंपाच्या गिअरमध्ये शिरतात, तेव्हा तिसऱ्यांदा. इथंच घाई होते, कारण दोन टप्प्यांनंतरही तो बसल्यासारखाच दिसतो.

मग बेल हाउसिंगच्या तोंडावर स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या कानापर्यंतची खोली मोजायची आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायची. बॉक्स इंजिनाला चढवल्यावर बेल हाउसिंगची तोंडं हातानं ढकलून एकमेकांना टेकली पाहिजेत. बोल्टनं ओढावी लागत असतील तर थांबायचं आणि बॉक्स मागं घ्यायचा. टेकल्यावर कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरायला हवा आणि फ्लेक्स प्लेटकडे यायला त्याला थोडी, साधारण ३ ते ५ मिलिमीटर, जागा उरायला हवी. ही जागा दाखवा असं फिटरला सांगायला लाजू नका. चांगला फिटर उलट खूश होतो.

पंपाबरोबर आणखी काय बदलून घ्यावं?

फिल्टर, पुढचं सील आणि चेंबरचं गॅसकेट. बॉक्स खाली आलाच आहे तर इंजिनाच्या क्रँकचं मागचं सील ओलं आहे का ते पाहून घ्या, नंतर त्याच मजुरीचा पुन्हा खर्च होतो. चेंबरमधल्या मॅग्नेटवर करडा चिखल थोडा असतोच, पण चमकणारे तुकडे असतील तर कन्व्हर्टर बदलावा किंवा कापून दुरुस्त करून घ्यावा, कारण तो बाहेरून धुऊन आतून साफ होत नाही. कूलर आणि त्याचे पाइप फ्लश करणं सगळ्यात जास्त टाळलं जातं. जुन्या पंपाची कणी तिथं बसलेली असते आणि पहिल्याच किलोमीटरात नव्या पंपाकडे परत येते.

ऑइल कोणतं आणि किती?

मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचंच. टोयोटाला डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या सहा गिअरला एसपी-४, होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-२ अशी प्रत्येकाची तऱ्हा आहे. सीव्हीटीचं ऑइल वेगळंच, ते साध्या ऑटोमॅटिकमध्ये किंवा उलट घालायचं नाही. "सगळ्या गाड्यांना चालतं" असा डबा दिसला तरी महागडा पंप नुकताच बसवलेला असताना हा प्रयोग कशाला?

चेंबरच्या प्लगमधून ३-४ लिटरच निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये असतं. पंपाच्या कामात कन्व्हर्टरही रिकामा होतो, त्यामुळं बॉक्सप्रमाणे ६ ते १० लिटरची तयारी ठेवावी.

लेव्हल बघायची पद्धत गाडीप्रमाणे वेगळी. बऱ्याच नव्या बॉक्सांना डिपस्टिकच नसते. इंजिन चालू ठेवून, ऑइल साधारण ३५ ते ४५ अंशांवर असताना ओव्हरफ्लोच्या प्लगमधून जास्तीचं ऑइल थेंब थेंब पडू द्यायचं आणि प्लग बंद करायचा. एप्रिल-मेच्या दुपारी, त्यातून गाडी नुकतीच चालवून आणलेली असेल, तर ऑइल ही मर्यादा केव्हाच ओलांडून जातं आणि लेव्हल कमी भरली जाते. हे काम सकाळी, गाडी रात्रभर थंड झाल्यावर, स्कॅनरवर तापमान बघत करून घ्यावं.

गाडी वाटेत बसली. ढकलून चालू होईल? टो करून आणू?

ढकलून नाही. पंप इंजिनावर फिरतो, इंजिन बंद म्हणजे प्रेशर नाही, म्हणजे क्लच धरत नाहीत आणि चाकांची गती इंजिनापर्यंत पोचतच नाही. फार जुन्या काही ऑटोमॅटिकांत चाकांकडून फिरणारा दुसरा पंप मागे असायचा, त्या ढकलून चालू होत. आताच्या नाहीत.

दोरीनं ओढूनही आणू नका. चाकं फिरतात, आतले भाग फिरतात आणि वंगण शून्य. आनेवाडी टोल नाक्यापासून साताऱ्यापर्यंत ओढून आणलेल्या गाडीत पंपाच्या जोडीला बुश आणि बेअरिंगंही बदलावी लागू शकतात. फ्लॅटबेड मागवा. ती नाहीच मिळाली तर इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं उचलून आणा. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर फ्लॅटबेडशिवाय पर्याय नाही.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना काय बघू?

पहिला स्टार्ट झाल्यावर ऑइल पुन्हा भरलं का ते विचारा, कारण पंप कन्व्हर्टर भरून घेतो आणि चेंबरची लेव्हल झपकन खाली जाते. मग कामाआधीचं आणि नंतरचं प्रेशरचं रीडिंग बिलावर लिहून मागा. ट्रायल पोवई नाक्यावर एक चक्कर मारून संपवू नका. यवतेश्वरचा घाट चढून या, गाडी पूर्ण गरम होऊ द्या, वर थांबून डी-आर-डी करून पाहा. खाली आल्यावर बेल हाउसिंगखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा. काही गाड्यांना नंतर स्कॅनरवरून गिअर शिकवावे लागतात, नाहीतर चांगला पंप असूनही झटके येत राहतात.

खर्चाचा अंदाज घेताना काय विचारू?

एकच ठोक आकडा स्वीकारू नका. मजुरी, पंप किंवा सील किट, ऑइल किती लिटर आणि कोणतं, फिल्टर, कूलर फ्लश असं सुटं लिहून घ्या. सीलचं काम असेल तर सील सगळ्यात स्वस्त आणि मजुरी सगळ्यात महाग असते, तिथं घासाघीस करून काही साधत नाही. वॉरंटी पार्टवर आहे की मजुरीवरही, ते आधी ठरवा. नवा पंप महिन्याभरात गेला आणि पार्ट फुकट मिळाला, तरी बॉक्स पुन्हा उतरवायचे पैसे कोण देणार हा खरा प्रश्न असतो.

जुना पंप परत मागू का?

मागा. एक्स्चेंजवर नवा घेतला असेल तर तो द्यावा लागतो, पण देण्याआधी उघडून बघायचा हक्क तुमचा आहे. गिअरवर कुठं रेघा आहेत, बुश कोणत्या बाजूला झिजलाय, मानेची खाच कशी खाल्लीय याचे फोटो काढून बिलाबरोबर ठेवा. पुढं काही झालं तर दुसऱ्या मेस्त्रीला ते फोटो दाखवता येतात.